आयपी नको, हेडर वाचा

कोकणातल्या होमस्टेच्या वेबसाइटने पाहुण्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून ठिकाणाचा अंदाज येतो) बघून मराठी किंवा इंग्रजी पान दाखवावं, असं एका लेखात सुचवलंय. पटलं नाही. तारकर्लीत एकाच मोबाइल टॉवरवर गाववालाही असतो आणि जर्मन पर्यटकही. भाषा ब्राउझर स्वतःच सांगतो, पान मागताना सोबत पाठवलेल्या अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज हेडर या ओळीत: ‘एमआर-आयएन, एमआर;क्यू=०.९, ईएन;क्यू=०.८’. म्हणजे आधी भारतातली मराठी, मग कुठलीही मराठी, मग इंग्रजी. क्यू म्हणजे पसंतीचं वजन, ० ते १. दिलं नसेल तर १ धरायचं. ० म्हणजे ही भाषा नकोच. बरेच जण क्यू न बघता हेडरची फक्त पहिली दोन अक्षरं कापून घेतात, तिथेच फसतात.

खरा घोळ कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला साठवलेल्या पानांमध्ये. सर्व्हरच्या उत्तरासोबत ‘व्हेरी: अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ (या हेडरनुसार पान बदलतं, ही सूचना) गेलं नाही, तर एकाने मागितलेलं मराठी पान सीडीएन (पानांच्या प्रती साठवून वाटणारे मधले सर्व्हर) पुढच्या इंग्रजीवाल्यालाही वाढू शकतो.

शिवाय आपल्याकडे मराठी वाचणाऱ्यांचेही फोन सर्रास इंग्रजीत असतात, म्हणजे हेडरही इंग्रजीच मागणार. तेव्हा भाषा बदलायचं बटण वरच ठेवा, निवड कुकीत (ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या नोंदीत) साठवा आणि हेडरपेक्षा कुकीला मान द्या. मराठी पानाला स्वतंत्र यूआरएल, म्हणजे वेबपत्ता, तर हवाच. कारण गूगलचा क्रॉलर (शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) हे हेडर सहसा पाठवत नाही.