यिर्मया 29:11 च्या त्या फॉरवर्डबद्दल

भायखळ्यापासून मीरा रोडपर्यंत आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की बायबलमधलं यिर्मया 29:11 (देव म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, ते वचन) रोज म्हणा, महिन्याभरात नोकरी लागते नाहीतर अडकलेला फ्लॅट मिळतो, आणि नाही मिळालं तर तुमचा विश्वास कमी. असं वचनात कुठंच नाहीये.

हे वचन यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद होऊन गेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे, आणि दहावी ओवी वाचा ना, तिथं 70 वर्षांनी परत आणीन असं लिहिलंय, म्हणजे ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण परत न जाताच वारणार होते. तोवर काय करायचं तेही सांगितलंय, घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगणारा हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा होता, आणि यिर्मयाने त्याला तोंडावर खोटं ठरवलं (आधीचा अध्याय बघा). येशूनेही मागे येणाऱ्यांना रोज वधस्तंभ उचलायला सांगितलं, पगाराची गॅरंटी नाही दिली.

मला राग येतो तो मेसेजच्या त्या शेवटच्या ओळीचा, विश्वास कमी म्हणणाऱ्या. ज्याची नोकरी गेलीय त्याला हे पाठवू नका प्लीज, फोन करा, घरी जा, रेशनचं विचारा.