पंधरा सारांश म्हणजे आढावा नव्हे

प्रबंधाचं साहित्य-आढाव्याचं, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण अडलं की एक सल्ला हमखास मिळतो: पंधरा-वीस लेख घ्या, प्रत्येकावर एक परिच्छेद लिहा, शेवटी साम्य-फरकाचा एक जोडा. निष्कर्ष जुळत नसतील तर जास्त लेख ज्या बाजूला, ती बाजू खरी. आणि स्वतःचं मत अजिबात घालू नका. सल्ला सोपा आहे, म्हणूनच तो फिरतो.

‘प्रत्येक लेखाला एक परिच्छेद.’ ही झाली वाचनाची वही. परिच्छेद लेखाचा नसतो, प्रश्नाचा असतो. एक तक्ता करा: ओळीत लेख, रकान्यांत प्रश्न, नमुना, पद्धत, निष्कर्ष. भरताना आडवा भरा, लिहिताना उभा वाचा.

‘साम्य-फरक शेवटी.’ खरी गोची इथे आहे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकं (हार्मोन्स) घेतल्याने हृदयविकार टळतो का? अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात संप्रेरकं घेणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसला. २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली, तिच्यात हृदयविकाराचा धोका उलट वाढलेला होता. ‘एक कमी म्हणतो, दुसरा जास्त’ एवढं लिहून थांबलात तर तुलना सुरूच झालेली नाही. परिचारिकांच्या अभ्यासात संप्रेरकं कोणी घ्यायची हे संशोधकांनी ठरवलं नव्हतं, आणि आपणहून औषध घेणारी माणसं एरवीही तब्येतीला जपणारी असू शकतात. चाचणीत गोळी कोणाला मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. शिवाय चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३. परिचारिकांच्या अभ्यासातल्या बऱ्याच जणींनी रजोनिवृत्तीच्या सुमारासच सुरुवात केली होती. म्हणजे दोघांना विचारलेला प्रश्नच पुरता एक नव्हता. हे शेवटच्या परिच्छेदात कोंबता येत नाही. प्रकरणाची मांडणीच त्यावर उभी राहते.

‘बहुमत घ्या.’ वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचं बोधचिन्ह नीट पाहा. अकाली प्रसूतीच्या बेतात असलेल्या मातांना स्टेरॉइड देण्याच्या सात चाचण्या त्यात आडव्या रेघांनी दाखवल्या आहेत. पहिली १९७२ सालची. बहुतेक रेघा मधल्या उभ्या, ‘काही फरक नाही’ सांगणाऱ्या रेषेला छेदतात, म्हणजे एकेकट्या अनिर्णित. हात वर करून मोजणी केली असती तर ‘फायदा सिद्ध नाही’ हा पक्ष जिंकला असता. आकडे एकत्र केल्यावर मात्र एकत्रित निकाल दाखवणारा खालचा चौकोन रेषेपासून स्पष्ट बाजूला पडतो: बाळं वाचत होती.

‘स्वतःचं मत नको.’ ‘मला असं वाटतं’ नको, हे कबूल. पण कोणत्या अभ्यासाला किती वजन द्यायचं हे कोणीतरी ठरवणारच, आणि प्रकरणावर नाव तुमचं आहे. एकाबद्दल ‘सिद्ध केले’ आणि दुसऱ्याबद्दल ‘आढळले’ असं लिहिलंत, तेव्हाच मत देऊन झालेलं असतं. फक्त कारण लिहायचं राहिलेलं असतं.