परदेशी मदतीला निघालेल्या चिरंजीवास काही हिताच्या गोष्टी

कोकण किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतला एखादा मुलगा नौदलात असतो. उद्या तो दूरदेशीच्या आपद्ग्रस्तांच्या मदतीला निघाला, तर सोबत खोबऱ्याच्या वड्या देताना दोन शब्द त्याच्या कानावर अवश्य घाला.

सर्वप्रथम विमानतळ ताब्यात घ्यावा. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाची सूत्रे अमेरिकी लष्कराकडे गेली आणि ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’चे फुगवून उभारायचे रुग्णालय घेऊन आलेले विमान शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिककडे वळवण्यात आले. ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसाला शस्त्रक्रियेची घाई असते हे मान्य, पण धावपट्टीलाही काही शिस्त असते.

परकीय लष्कर नागरी पर्याय उरला नसेल तरच वापरावे आणि सैनिकांनी शक्यतो स्वतः अन्नवाटप न करता रस्ते व वाहतूक सांभाळावी, असे आपत्तीतल्या लष्करी मदतीविषयीची 1994 पासूनची आंतरराष्ट्रीय ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ती बंधनकारक नाहीत, एवढे मात्र पाठ असू द्यावे. मोरीवर स्लॅब टाकणाऱ्या जवानाचा फोटो कोण छापणार? हातात बिस्किटांचा पुडा हवा आणि समोर रडके मूल.

कोणाला काय हवे, हे विचारत बसू नये. जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या पोफळी मधोमध मोडून टाकल्या, तेव्हा मदत प्रथम हेक्टरी जाहीर झाली. ज्याची वाडी गुंठ्यांत आणि संसार झाडांच्या संख्येवर, त्या बागायतदाराने भागाकार करत बसावे. हे आपल्याच सरकारने, आपल्याच भाषेत केले. मग जिथली भाषाही कळत नाही, तिथे विचारपूस म्हणजे निव्वळ कालापव्यय.

सांडपाण्याची चिंता तर मुळीच नको. हैतीत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरील मैला नदीत मिसळून कॉलरा पसरला आणि सुमारे 10,000 माणसे दगावली. पीडितांनी भरपाई मागितली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी आपल्यावर दावा चालत नसल्याचे कळवले. दिलगिरी व्यक्त झाली ती 2016 मध्ये, आणि तीही कॉलरा आला कुठून याविषयी मौन पाळून. सभ्यता शिकावी तर अशी.

आणि एखाद्या आजीने रांगेतून बाहेर येऊन, आमच्या वस्तीची नावे यादीतून कोणी गाळली, असे विचारलेच, तर दुभाष्याला ताबडतोब चहाला पाठवावे.