परत आलेला शर्ट

इस्त्रीवाल्याने परवा नवऱ्याचा आकाशी शर्ट परत केला. वेगळ्या पिशवीत, दोन गाठी मारून. "ताई, हा नका देत जाऊ. इस्त्री टेकवली की अशी वाफ उठते, इथे उभं राहवत नाही."

तिसऱ्या मजल्यावरचे काका तिथेच पँटची वाट बघत होते. त्यांनी वाकून, मुद्दाम, पिशवीचा वास घेतला.

"कधीपासून होतंय?"

"2 महिने झाले."

"मिस्टरांचं वय?"

"41. पण काका, हे बोक्याचं..."

"रात्री किती वेळा उठतात?"

"बोका?"

"लाजायचं नसतं यात. मीही लपवलं होतं." इथे त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त समोरच्या किराणा दुकानापर्यंत पोचला. "प्रोस्टेट असतं. नाहीतर साखर."

"काका, आमचा बोका 8 महिन्यांचा झालाय. शर्टाकडे पाठ करतो, शेपूट ताठ करून थरथरवतो आणि फवारा मारतो."

"हो हो," काका मायेने म्हणाले. "आमची हीसुद्धा चारचौघांत पाणी सांडलं म्हणायची."

पहिला महिना मी फिनेलने पुसत बसले. डॉक्टर ओरडले. फिनेल मांजरांना विषारी, आणि अमोनियावाल्या क्लीनरने पुसलं की साहेबांना वाटतं दुसरा बोका येऊन गेला, मग तिथेच पुन्हा सही. आता एन्झाइमवालं आणलंय, माझ्या फेसवॉशपेक्षा महाग. फ्लॅटचे हप्ते मी भरते, सातबारा रोज हा लिहितो.

नसबंदी केली तर 10 पैकी 9 बोक्यांचं फवारणं थांबतं किंवा बरंच कमी होतं. तेही लगेच नाही, अंगातलं हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात. म्हणून मी घाई करतेय, तर नवरा पाय जवळ घेऊन म्हणतो, "बघू. बिचाऱ्याला एकदा तरी..." एकदा तरी काय? एकदा तरी तू फरशी पूस. मांजरी असती तर एका फोनवर ऑपरेशन ठरलं असतं.

शेवटी काल मीच तारीख घेतली.

आज सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "ऑपरेशनचं ठरलं का काही?"

"हो, शनिवारी," नवरा सुस्कारा टाकून म्हणाला. "दोन्ही काढणार आहेत."

तळमजला येईपर्यंत काका दाराकडे तोंड करून उभे होते.