पानं ओढणारी गाडी खरी, खालचा मजकूर खोटा

ऑक्टोबर उजाडला की तो व्हिडिओ फिरू लागतो. जाड पाइपवाली गाडी रस्त्याकडेचा पानांचा ढीग सरसर ओढून घेते आणि खाली लिहिलेलं असतं : 'अमेरिकेत पानं नुसती रस्त्यावर लोटा, पालिका फुकट नेते. पानंच ती, त्यांनी काय बिघडतं? आपल्याकडेही अशा गाड्या आणा!'

'फुकट' हा शब्द आधी काढून टाका. गाडी, चालक, खताची जागा, सगळा खर्च बहुतेक ठिकाणी घरपट्टीसारख्या करांतूनच येतो. शिवाय अंगणभर पानं ओढून ढीग लावायचं कष्टाचं काम घरमालकाचंच.

'रस्त्यावर लोटा' हेही सरसकट खरं नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात ढीग रस्त्यावर नव्हे, फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीवर लावायचा असतो. न्यू जर्सीत रस्त्याकडेला मोकळी पानं ठेवता येतात, पण ठरलेल्या तारखेच्या आधीच्या सात दिवसांतच, आणि पावसाळी गटाराच्या तोंडापासून किमान १० फूट दूर. न्यू यॉर्क शहरात तर कागदी पिशवीत किंवा डब्यात भरूनच द्यावी लागतात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचं उत्तर 'पानांनी काय बिघडतं' या प्रश्नातच आहे. भिजलेल्या पानांतून चहासारखा अर्क उतरतो आणि त्यात फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खाद्य, असतो. मॅडिसनमध्ये रस्त्यावरचं पावसाचं पाणी प्रक्रियेविना तळ्यांत जातं, आणि तिथली मेंडोटा, मोनोना ही तळी शेवाळाने हिरवी होतात. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण विभागाने तिथल्याच वस्त्यांत मोजणी केली. निष्कर्ष २०१६मध्ये आले. जिथे पानं उचलली नाहीत, तिथे पावसाच्या पाण्यातून (हिवाळा सोडून) वर्षभरात जाणाऱ्या फॉस्फरसपैकी ५६ टक्के एकट्या पानगळीच्या हंगामात गेला. जिथे प्रत्येक पावसाआधी पानं उचलून रस्ता झाडला, तिथे हा वाटा १६ टक्क्यांवर आला. म्हणजे खरा मुद्दा पाऊस यायच्या आत रस्ता मोकळा करण्याचा. व्हिडिओत नेमकं तेच दिसत नाही.

राहिली मागणी, अशा गाड्या इथे आणायची. तिकडे पानगळ आणि पाऊस एकत्र येतात. महाराष्ट्रात बहुतेक झाडं माघ-फाल्गुनात पानं टाकतात, तेव्हा पाऊस अजून काही महिने लांब असतो. इथला धोका पाण्याचा कमी, काडी लावणाऱ्याचा जास्त. (सकाळी सोसायटीच्या कोपऱ्यात धूर निघतो तो.) उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये देशभर बंदी घातली, साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवून पालिका सांगेल तसा द्यायची जबाबदारी रहिवाशावर टाकली. आणि कोरडी पानं ओल्या कचऱ्याच्या खतात हवीच असतात, नाहीतर ते चिकट होऊन वास मारतं. ज्या सोसायटीत खताचा खड्डा आहे, तिने पाइपवाल्या गाडीची वाट कशाला पाहायची?