बेणं तेच, रान वेगळं: ‘स्वभावाला औषध नाही’ या फॉरवर्डला उत्तर

आमच्या पेठेतल्या तालमीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तालमीत हल्ली जोर मारणारे कमी आणि ग्रुपवर फॉरवर्ड मारणारे जास्त. दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी तिथे एक लांबलचक मजकूर येऊन पडला. शीर्षक ‘स्वभावाला औषध नाही, आता विज्ञानानेही मान्य केले’. पाठवणारे आमचे अण्णा, वयाने वडील आणि मनाने साधे. दोन दिवसांत तोच मजकूर मला बहिणीच्या भिशीच्या ग्रुपवरून आला, दोन जुन्या विद्यार्थ्यांकडून आला आणि आमच्या दूधवाल्याकडूनही आला.

मजकुराचं म्हणणं असं. बुद्धी ८० टक्के आनुवंशिक असते, घर आणि शाळा मिळून उरलेली २० टक्के. वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी भावंडं शेवटी सारखीच निघतात. मेंदू पाचव्या वर्षापर्यंत ९० टक्के तयार होतो, पुढची सगळी रंगरंगोटी. हुशारी घराण्यात असावी लागते. म्हणून पोरांच्या क्लासवर आणि मोठ्यांच्या समुपदेशनावर पैसे घालवू नका. तळाशी ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ आणि जोडलेले चार हात.

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे ‘सर, तुमचं काय मत?’ हे आलंच. अंगठ्याने एवढं टाइप करणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

८० टक्क्यांचा आकडा हवेतून काढलेला नाही, हे आधी कबूल करतो. मोठ्या माणसांवरच्या काही अभ्यासांत बुद्ध्यंकाच्या आनुवंशिकतेचा आकडा ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जातो. घोळ आकडा वाचण्यात आहे. लिहिणाऱ्याला वाटतंय की तुमच्या डोक्यातल्या १०० रुपयांपैकी ८० आईबापांनी दिले आणि २० शाळेनं. तो आकडा हे सांगतच नाही. एका काळात, एका प्रकारच्या परिस्थितीत राहणाऱ्या लोकांमध्ये जो आपसात फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. एकट्या माणसाचं काय होईल याबद्दल तो मुका आहे.

वर्गात हे समजावताना मी ऊस घेतो. ऊस आपण बी पेरून करत नाही, कांडी लावतो. म्हणजे एका बेण्याचा सगळा फड जनुकांनी एकसारखा, हजारो जुळी भावंडं रांगेत उभी केल्यासारखा. आमच्या चुलत्यांनी ८६०३२ या जातीचं बेणं कागलकडे नदीकाठच्या मळीत लावलं. त्यातलंच थोडं मेव्हण्यानं शिरोळकडे नेलं आणि क्षारपड रानात लावलं. मळीतल्या उसात माणूस शिरला तर दिसेना, आणि मेव्हण्याचा ऊस कमरेला लागून थांबला. या दोन फडांतल्या फरकात जनुकांचा वाटा किती? शून्य. आता चुलत्यांच्याच रानात एका सरीला ८६०३२ आणि शेजारच्या सरीला दुसरी जात लावा, पाणी आणि खत अगदी सारखं द्या. जो फरक दिसेल तो जवळजवळ सगळा जातीचा. पीक ऊसच, पण आकडा शून्यावरून थेट शंभराकडे गेला, कारण तुम्ही तुलना कशाची करताय ते बदललं. आणि तो शंभर टक्के आला म्हणून खत टाकायचं थांबवलेला शेतकरी मी तरी बघितलेला नाही.

फॉरवर्डमधल्या खोडीवरून खोडवा आठवला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक. खोडव्यात तर जनुकंच काय, बुडखासुद्धा गेल्या वर्षीचाच. पूर्वी तोडणी झाली की पाचट पेटवायचं आणि खोडव्याकडे पाठ फिरवायची, आपोआप येईल तेवढा आपला. आता पाचट सरीत कुजवतात, बुडखे जमिनीलगत छाटतात, पहारीने भोकं पाडून मुळाशी खत देतात, आणि तोच खोडवा नव्या लागणीशी बरोबरी करायला जातो.

माणसांत उंचीचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. चांगलं खायला मिळणाऱ्या समाजात उंचीची आनुवंशिकता साधारण ८० टक्के निघते. तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची १०० वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली. कोरियन माणसाची जनुकं १०० वर्षांत बदलली नाहीत, ताटातलं अन्न बदललं.

बुद्धीचं म्हणाल, तर एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या ७ वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास छापला. सुखवस्तू घरांत बुद्ध्यंकातला बराचसा फरक जनुकांशी जोडता येत होता. अगदी गरीब घरांत जनुकांचा वाटा शून्याजवळ आला आणि ६० टक्के फरक घरच्या परिस्थितीचा निघाला. युरोपातल्या अभ्यासांत हे इतकं ठळक दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण जो आकडा घराच्या उत्पन्नाबरोबर हलू शकतो, तो माणसाच्या कपाळावर गोंदल्यासारखा वाचायचा कसा?

जुळ्यांचा मुद्दा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासातून उचललाय. १९७९ मध्ये थॉमस बूशार्ड यांनी तो सुरू केला, तान्हेपणीच वेगळ्या झालेल्या जुळ्यांवर. त्यातली ‘जिम’ नावाची जोडी जगभर गाजली. दोघांच्या पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसऱ्या बायकोचं बेटी, दोघांच्या कुत्र्याचं नाव टॉय. गंमत आहे खरी. पण लिंडाशी लग्न करायचं जनुक नसतं. त्या पिढीच्या अमेरिकेत लिंडा हे आपल्याकडच्या सुनीतासारखं, दर दोन घरं सोडून एक. शिवाय दोघं एकाच ओहायो राज्यात वाढले, एक कोल्हापुरात आणि दुसरा कराडात वाढावा, तेवढ्या अंतरावर. बूशार्ड यांच्या गटानं १९९० च्या निबंधात बुद्ध्यंकातला सुमारे ७० टक्के फरक आनुवंशिक धरला, आणि त्याच निबंधात सावधही केलं. यातली फार थोडी जुळी खऱ्या गरिबीत किंवा निरक्षर आईबापांकडे वाढलीत, तेव्हा हा आकडा तिथवर ताणू नका. पालकांचं आणि शिक्षणाचं महत्त्व यानं कमी होत नाही, असंही त्यांनी लिहिलंय. म्हणजे ज्या निबंधाच्या जिवावर हे फॉरवर्ड उभं आहे, तो निबंधच फॉरवर्डच्या विरुद्ध साक्ष देतो.

पाच वर्षांत ९० टक्के मेंदू, हे आकाराबद्दल खरं आहे. पाच-सहा वर्षांच्या पोराचा मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या ९० टक्क्यांच्या जवळपास असतो. पण स्लॅब पडला म्हणजे घर झालं का? वायरिंग, नळ, खोल्या कशा वापरायच्या, हे सगळं बाकी असतं. आवर घालणं, पुढचा विचार करणं ही कामं करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. आणि त्यानंतरही गाडी थांबत नाही.

माझी आत्ती, म्हणजे आत्या, शाळेत गेली नव्हती. तिची लेक गारगोटीला दिलेली, त्यामुळे कोल्हापूरच्या सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर तिची कायम ये-जा. एसटीची पाटी वाचता येत नाही म्हणून तिनं स्वतःची युक्ती काढलेली. अक्षरं जास्त असली तर गगनबावडा, कमी असली तर गारगोटी, दोन्हींची सुरुवात एका अक्षरानं होते एवढं तिला ठाऊक होतं. एका पावसाळी संध्याकाळी घाईत तिनं एका पोराला विचारलं, त्यानं मान हलवली, आणि आत्ती गगनबावड्याच्या गाडीत बसून कळे ओलांडून गेली. त्या रात्री परत आल्यावर ती कोणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नातीची पाटी ओढून घेतली. वय ५४.

पहिलं अक्षर अर्थातच ग. मग रोज दुपारी भांडी झाल्यावर एक तास. काना आणि वेलांटी तिला फार छळायचे, ‘गा’ लिहिताना काना आधी काढून ठेवायची आणि मग ग त्याला चिकटवायची. जोडाक्षरांना तिनं शिव्या घातल्या. साधारण आठ महिन्यांनी स्टँडवर मी बरोबर असताना ती पाटीसमोर उभी राहिली, ओठ हलवत हलवत ‘गा-र-गो-टी’ केलं आणि मला म्हणाली, “आता मी कुणाला इचारत न्हाई. वाचतो आन् चढतो.” (कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी: हो, आमच्या बायका असंच बोलतात.)

आत्तीच्या मेंदूची तपासणी कोणी केली नाही. पण तिच्यासारख्यांची झालेली आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, बहुतेक तिशीतल्या बायकांना, सहा महिने वाचायला शिकवलं. लिपी आपलीच, देवनागरी. आधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन काढले. संशोधकांना बदल मेंदूच्या वरच्या थरात अपेक्षित होता. तो थेट खोलवर, थॅलॅमस आणि मेंदूस्तंभापर्यंत दिसला, आणि त्या भागांचं दृष्टीच्या केंद्राशी असलेला ताळमेळ सुधारलेला होता. दुसरा अभ्यास लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा. तिथे परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर यांच्या गटानं अशा ७९ शिकाऊ उमेदवारांचा पाठपुरावा केला, ३९ पास झाले. पास झालेल्यांच्या मेंदूत आठवणींशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला होता, नापासांच्या मेंदूत नव्हता. सुरुवातीला दोघांत फरक नव्हता, त्यामुळे ‘ज्यांचा मोठा तेच पास झाले’ हा पळवाटीचा रस्ताही बंद होतो.

लहानपण महत्त्वाचं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. बुखारेस्टमध्ये अनाथालयातली मुलं कुटुंबांत वाढवायला दिली, तेव्हा दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना जास्त फायदा झाला. काही गोष्टी वेळेवर झालेल्या बऱ्या, हे खरंच आहे.

घराण्याचा मुद्दा वाचून मात्र मला कोल्हापूरकर म्हणून राग आला. हे फॉरवर्ड आणि तेही आपल्या तालमीच्या ग्रुपवर? शाहू महाराजांच्या घोड्यांच्या आणि हरभऱ्याच्या गोष्टीची (दांडगी घोडी सगळा हरभरा खातात, अशक्तांना उरत नाही) उजळणी करत नाही, ती इथे सगळ्यांना पाठ आहे. आकडे घ्या. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. १९०१ पासून वसतिगृहं निघाली, २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्याचं फर्मान निघालं. १९१२ मध्ये ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी होते ३५. १८ वर्षांत कोणत्या घराण्याचं रक्त बदललं? कोणी म्हणेल, जागा राखल्या म्हणून आकडा फिरला. बरोबर. पण जागेवर बसल्यावर कामही करावं लागतं, आणि संस्थान काही बुडालं नाही. राधानगरीच्या धरणाचं काम त्याच वर्षांत सुरू झालं.

हुपरीत चांदीकामाचं घराणं असलेल्या घरातलं पोर पैंजणाच्या कड्या भराभर जोडतं, तेव्हा ‘रक्तातच आहे’ म्हणायची आपल्याला सवय. पण ते पोर चालायला लागल्यापासून त्याच खोलीत बसलंय. त्याला रक्त आणि खोली एकाच बापाकडून मिळालंय, मग श्रेय नुसतं रक्ताला का?

क्लासचं म्हणाल, तर अण्णांशी मी निम्मा सहमत आहे. दोन-दोन क्लासची फी भरून पोराला सातला घरी आणण्यात मलाही काही अर्थ दिसत नाही. पण शिक्षणानं बुद्धी वाढत नाही, हे चूक. नॉर्वेत १९६० च्या दशकात सक्तीचं शिक्षण ७ वरून ९ वर्षांवर नेलं, तेव्हा जादा शिकलेल्या प्रत्येक वर्षामागे तरुणांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे ३.७ नं वाढला. समुपदेशनावर २०० हून अधिक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये पाहिलं गेलं: काही महिन्यांच्या उपचारानं स्वभावाच्या मोजमापात, विशेषतः चिंता आणि हळवेपणाच्या बाबतीत, टिकणारा फरक पडतो.

आणि उलट बाजूचे जे व्याख्याते ‘ठरवलं तर काहीही’ म्हणून गरजतात, तेही तितकेच थापाडे. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांना तासाभराचा ‘बुद्धी वाढू शकते’ हा धडा दिला. मागे पडलेल्या मुलांच्या गुणांत चारपैकी ०.१ एवढी भर पडली. काहीच नाही असं नव्हे, पण त्यावर फ्लेक्स लावण्यासारखंही नाही.

आत्ती आता ७१ वर्षांची आहे. तिचा तापटपणा पहिल्यासारखाच, त्यात तिळाएवढा फरक नाही, एवढ्यापुरती ती म्हण मी अण्णांना सोडून देतो. फक्त पूर्वी वीजबिल जास्त आलं की ती नुसती आरडाओरडा करायची. आता चष्मा लावून मागच्या तीन महिन्यांची युनिटं बोटाखाली धरते, आणि मग आरडाओरडा करते.