ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये एक नाही, दोन लायब्ऱ्या हव्यात

ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे डोंगर पोखरून बुटक्यांची (ड्वार्फची) वस्ती उभारायचा कॉम्प्युटर गेम, तो खेळणाऱ्यांनो, लायब्ररी सगळ्यांसाठी उघडी ठेवायची की फक्त आपल्या नागरिकांपुरती यावरून दर थोड्या दिवसांनी जी जुंपते ना, ती मला फुकटची वाटते. दोन्ही ठेवा की! जागेची काय ददात आहे, अख्खा डोंगर पडलाय पोखरायला.

गेममध्ये टॅव्हर्न (दारूचे गुत्ते), मंदिरं आणि लायब्ऱ्या डिसेंबर २०१५ च्या अपडेटमध्ये आल्या. तेव्हापासून बघतोय, लायब्ररी बांधणारे दोन टोकांचे असतात. एक जण मीटिंग एरिया आखतो, दोन कपाटं ठेवतो, सगळ्यांना मोकळी वाट देतो आणि विसरून जातो. दुसऱ्याला एकदा कुठूनतरी नेक्रोमॅन्सरची (काळं पुस्तक वाचून मढी उठवायला लागलेल्याची) गोष्ट कळलेली असते, मग तो सगळंच कुलूपबंद करतो आणि वर विचारतो की बाहेरचे स्कॉलर (अभ्यासक) का येत नाहीत. कसे येतील बाबा, त्यांना यायला जागाच नाही ठेवलीस! आणि बाहेरचे स्कॉलर हवेतच, कारण नुसते आपलेच बुटके बसवले तर तीच चार डोकी तोच विषय घोळत बसतात. बाहेरून एखादा खगोलवाला आला, एखादा गणितवाला आला की चर्चा होते, नवीन विषय निघतात, त्यातले काही राहायची परवानगी मागतात आणि कायमचे आपले होतात.

म्हणून गेटजवळ एक खुली लायब्ररी. टॅव्हर्नच्या अगदी शेजारी नको, तिथली हाणामारी कधी सरकत येईल सांगता येत नाही. खुर्च्या टेबलं भरपूर ठेवा, आणि पेटी विसरू नका, कारण कोरे कागद त्या पेटीतच राहतात. कोरं साहित्य नसेल तर स्क्राइब (नकला उतरवणारा) नेमून काही उपयोग नाही, तो नकला करणार कशावर? या खुल्या लायब्ररीत माझ्या मते जास्तीत जास्त नकलाच असाव्यात, मूळ प्रती आत. एखादी नक्कल गेली तर गेली, दुसरी करता येते.

कागदाचं काम लोक उगाच अवघड समजतात. पिग टेल ही वनस्पती तुमच्याकडे असतेच, जात्यावर दळून लगदा करा, स्क्रू प्रेसमध्ये दाबा, झाला कागद. चामड्याचा पार्चमेंट दिसायला भारी पण त्याला आधी चुना भाजा, मग तो कालवा, मग कातडं, एवढा खटाटोप नवीन फोर्टमध्ये कोण करणार. कागदाचा क्वायर (लिहायच्या पानांचा गठ्ठा) करा, किंवा रोलर लावून स्क्रोल (गुंडाळी), बास. बांधणी करून कोडेक्स (बांधीव पुस्तक) नंतर सवडीने.

आता आतली लायब्ररी. इथे बहुतेक जण गंडतात. लोकेशनच्या सेटिंगमध्ये 'फक्त नागरिक' निवडलं की त्यांना वाटतं भिंत उभी राहिली. अरे ती नुसती परवानगी आहे, भिंत नाही! पाहुणा तिथे वाचायला म्हणून येणार नाही एवढंच, पण त्याची दुसरीकडे जायची वाट तुमच्या त्या खोलीतून जात असेल तर तो मस्त चालत जाईल कपाटांच्या मधून. म्हणजे खरा बंदोबस्त नकाशात आहे, सेटिंगमध्ये नाही. आतली लायब्ररी आंधळ्या बोळाच्या टोकाला हवी, एकच दार, पुढे कुठलाही रस्ता नाही, आणि शक्यतो नागरिकांच्या झोपायच्या खोल्यांच्याही पलीकडे, म्हणजे तिथे परका माणूस दिसला की लगेच खटकतो. दार लॉक करून ठेवू नका पण, आपल्यालाच आत जाता येत नाही मग. लॉक अडीअडचणीला.

आणि नागरिक म्हणजे विश्वासू असंही धरून चालू नका. जानेवारी २०२० च्या अपडेटनंतर बाहेरचे कारस्थानी लोक हेर पाठवतात आणि ते आपल्याच एखाद्या बुटक्याला फितवून वस्तू चोरायला लावू शकतात. त्यामुळे काही गायब झालं की फक्त पाहुण्यांवर संशय घेत बसू नका, न्यायाच्या स्क्रीनवरून शेरीफला चौकशी करायला लावा, आणि फितूर घरचाच निघाला तर आश्चर्य मानू नका. मला तर गेमचा हा भाग सगळ्यात आवडतो, कारण इतकं सगळं बांधून झाल्यावरसुद्धा शेवटी प्रश्न माणसांचाच उरतो. (बुटक्यांचा म्हणा.)

राहिली ती काळी पुस्तकं. जीवन-मरणाची रहस्यं असलेलं पुस्तक हाताशी आलं तर ते आतल्या लायब्ररीतही ठेवू नये हे माझं ठाम मत. नागरिकांची लायब्ररी म्हटलं तरी तिथे वाचणारे नागरिक आहेतच ना, आणि ज्याने वाचलं तो नेक्रोमॅन्सर होऊ शकतो. मग त्याला म्हातारपण नाही, भूक नाही, ऐकायला छान वाटतं, पण शत्रू समोर दिसला की आजूबाजूची मढी उठवायला लागतो आणि तुमचा कचऱ्याचा ढीग कत्तलखान्याला चिकटून असेल तर मग बघायलाच नको. म्हणून कुठलंही नवीन पुस्तक हातात आलं की आधी त्याचं वर्णन उघडून वाचा, मग कपाटात जाऊ द्या. संशय आला तर तिथल्या तिथे फॉरबिड करा, म्हणजे त्याला हात लावायची मनाई. हमाली करणारा बुटका ते उचलून कुठे ठेवेल याचा भरवसा धरू नका, त्याला सगळी पुस्तकं सारखीच.

काही जण मुद्दाम नेक्रोमॅन्सर तयार करतात, कधीच न मरणारे स्कॉलर मिळतात म्हणून. करा, माझी हरकत नाही, मजाच येते. पण मग त्यासाठी तिसरी खोली काढा, एकाच बुटक्याला आत पाठवा, बाहेरून भिंत घाला, आणि त्याचं वाचून झालं की पुस्तक परत फॉरबिड करून मगच त्याला बाहेर काढा. बाकीच्यांना त्या बोळाकडे फिरकू द्यायचं नसेल तर बरो (बुटक्यांनी कुठे वावरायचं ती हद्द) आखून ठेवा, नाहीतर भिंत पाडल्या पाडल्या दगड उचलायला म्हणून कोणीतरी आत शिरतोच.